बुजवलेला चर

“त्या वर्षी भाद्रपदात रोपवाटिकेतील सागाची रोपे पाणी साचून कुजली. निचऱ्याचा चर चौकीदाराने बुजवला होता. पुढे तो चर खोल करण्यात आला आणि रोपवाटिका सावरली.”

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या जुन्या रोपवाटिकेच्या माहितीपुस्तिकेत ही तीन वाक्ये छापली गेली आहेत. दसऱ्याला रोपवाटिकेच्या फाटकाशी नवा फलक उभा राहणार असून त्यावरही हीच वाक्ये रंगवली जाणार आहेत. पहिले वाक्य खोटे आहे. तिसरे निरर्थक आहे. मधले तेवढे खरे आहे, आणि सर्वांत मोठा अन्याय त्या खऱ्या वाक्यानेच केला आहे. मी त्या रोपवाटिकेवर सहा वर्षे वनरक्षक होतो. त्या भाद्रपदात माझे हात कोपरापर्यंत त्या मातीत होते. पुस्तिका लिहिणाऱ्याचे नव्हते. म्हणून हा लेख.

पुस्तिका लिहिणारे आमचे नाना. त्या काळी ते परिक्षेत्राच्या कचेरीत लेखनिक होते. आता तेही माझ्यासारखेच निवृत्त होऊन सावद्याला राहतात, रोज चार वाजता माझ्या ओट्यावर येतात, माझा चहा पितात आणि माझ्या प्रत्येक वाक्याला हरकत घेतात. माणूस सज्जन आहे. परंतु कागदावर जे आहे तेच घडले, अशी त्यांची ठाम श्रद्धा आहे, आणि अशा श्रद्धेपुढे सज्जनपणाचा काही उपयोग होत नाही.

मागच्या आठवड्यात शिंदखेड्याहून वत्सला आली. वत्सला ही दगाजीची मुलगी, आणि दगाजी म्हणजे त्या वाक्यातला चौकीदार. त्याला जाऊन तीन वर्षे झाली. ती अंगणवाडीत काम करते. बोलणे नेटके, पदर खोचलेला. पिशवीतून पुस्तिका काढून तिने माझ्यासमोर ठेवली. त्या तीन वाक्यांखाली पेन्सिलीने रेघ ओढलेली होती.

“आबा, नाव लिहिलेलं नाही. पण तिथं चौकीदार दुसरा कोण होता?”

मी पुस्तिका मिटून ठेवली.

“आई म्हणते, बोर्ड लागला की मला एकदा नेऊन दाखव. दादांनी आयुष्यात एकच नोकरी केली, ती जागा तिला बघायचीय. तिला वाचता येत नाही. बोर्डासमोर उभी राहून ती मला म्हणेल, वाच. मी काय वाचू?”

ओट्यावर नाना बसलेच होते. ते चष्मा पुसू लागले. वत्सला चहा न घेता पाच वाजताच्या एस.टी.ने परत गेली, आणि ती ज्या भाद्रपदाविषयी विचारून गेली, तो भाद्रपद तेव्हापासून माझ्या घरात मुक्कामाला आला आहे.

भाद्रपदाचे ऊन कसे असते ते मैदानातल्या माणसाला ठाऊक असते. डोंगराच्या कुशीतले ते ऊन वेगळे. सकाळी धुके, दहा वाजता चटका, दुपारी एखादी सर आणि तिच्यामागून लगेच पुन्हा ऊन. जमिनीतून वाफ निघते आणि ओल्या पाचोळ्याचा आंबूस वास कपड्यांत मुरतो. सागाचे कोवळे पान तळहातावर चोळले की हात लाल होतो. आमच्या रोपवाटिकेत काम करणाऱ्या बायका तो रंग एकमेकींच्या गालाला लावून हसत. आजही कुठे सागाचे रोप दिसले तर मी पान चोळून पाहतो. हात लाल होतो, आणि पाठोपाठ दुसरा वास आठवतो. जमीन उकरल्यावर येणारा, किंचित कुजकट, किंचित गोडसर. तो हुमणीचा.

ज्यांनी हुमणी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही मातीत राहणारी अळी. करंगळीएवढी जाड, मळकट पांढरी, डोके तांबूस, शेपटाकडचा भाग आतल्या मातीने काळपट. उकरून काढली की अर्धचंद्रासारखी वाकून पडून राहते, जणू तिचा कशाशीच संबंध नाही. पावसाळ्याच्या तोंडावर संध्याकाळी जे तपकिरी भुंगेरे कडुनिंबावर आणि बाभळीवर घोंघावत बसतात, त्यांचीच ही प्रजा. भुंगेरे पाने खातात, माणसांना दिसतात, माणसे त्यांना शिव्या देतात. त्यांची मादी मातीत अंडी घालते आणि अळी श्रावण-भाद्रपदात जमिनीखाली मुळे खाते. ती कोणालाच दिसत नाही, म्हणून तिच्या अपराधाबद्दल नेहमी दुसऱ्याला शिक्षा होते.

आमच्या रोपवाटिकेचे दोन तुकडे होते. वरचा तुकडा डोंगरातून वाहून आलेल्या मुरमाड, वाळूमिश्रित तांबड्या मातीचा. कितीही पाऊस पडो, तासाभरात चालायला मोकळा. आमचे क्षेत्रपाल साहेब पाहुण्यांना तेथे मुद्दाम नेत आणि सांगत, “बघा, मुसळधार पावसात या, बुटाला चिखल लागणार नाही!” ते खरेही होते. सहा वर्षांत वरच्या तुकड्यात मी कधी चिखल पाहिला नाही. खालचा तुकडा ओढ्याकडे उतरणारा, काळ्या चिकट मातीचा. तेथे पाणी रेंगाळे, पाय उचलला की माती बरोबर येई. साहेबांनी त्याच्या मधून चर खणवून घेतला होता. खालच्या तुकड्याला ते उघड उघड सावत्र मूल समजत.

सागाला निचऱ्याची जमीन लागते हे वनखात्यातला शिपाईसुद्धा जाणतो. साहेबांचे ज्ञान तेवढ्यापुरते बरोबर होते. परंतु सागाला जी भुसभुशीत, हवा खेळणारी माती मानवते, तीच हुमणीच्या मादीलाही मानवते, हा त्या ज्ञानाचा पुढचा पाठ होता आणि तो आम्हांपैकी कोणीच वाचला नव्हता. मातीतल्या पोकळीत पाणी भरून राहिले की हवा जाते, आणि हवा गेली की अंडी आणि लहान अळ्या गुदमरतात. म्हणजे निचरा झाडाला जेवढा श्वास देतो, तेवढाच त्याच्या वैऱ्यालाही देतो. हे मी पुढे जंगलात नोकरीची उरलेली वर्षे फिरता फिरता वारंवार पाहिले. उतारावरच्या मोकळ्या मातीत कुदळ मारली की अळ्या, कोष, उधई सगळे काही निघे. ओढ्याच्या बुडाशी पाणी धरणाऱ्या काळ्या जमिनीत उकरत बसा, गांडुळाशिवाय फारसे काही हाती लागत नसे. वारुळेदेखील उंचवट्यावरच उभी असत. जंगल हे सारे उघड मांडून ठेवते. पाहणाऱ्याने खाली वाकायचे असते.

खाली वाकणारा माणूस आमच्याकडे एकच होता.

दगाजी मूळचा पांझरेकाठचा. सासुरवाडी शिंदखेड्याकडची म्हणून पुढे तिकडे स्थायिक झाला. पांझरेवर ठिकठिकाणी बंधारे बांधून पाटाने पाणी आणायचे आणि जमिनीचे मोठमोठे फड करून साऱ्या गावाने ते वाटून घ्यायचे, ही धुळे भागातली जुनी रीत. पाणी कोणत्या फडावर, किती वेळ आणि पाटाच्या कोणत्या बाऱ्यातून, म्हणजे तोंडातून, सोडायचे हे ठरवणारा तो पाटकरी. दगाजीचा बाप पाटकरी होता. त्यामुळे दगाजीला पाणी पाहण्याची सवय जन्मजात होती. रोपवाटिकेत शिरला की तो रोपांकडे पाहत नसे. आधी पाणी कुठे जाते आहे ते पाही. फावडे सदैव खांद्यावर. फावड्याशिवाय तो मला अर्धा वाटे.

पोळा झाला आणि चारच दिवसांत वरच्या तुकड्यातली रोपे माना टाकू लागली. वीत-दीड वीत उंचीची, हिरवीगार रोपे. सकाळी ताठ, दुपारी लोळलेली. मी म्हणालो, पाण्याचा ताण आहे, झारीने पाणी घाला. दगाजीने एक रोप दोन बोटांत धरून उचलले. उपटावे लागले नाही. ते नुसते हातात आले. मुळाच्या जागी कुरतडलेल्या पेन्सिलीसारखे बोथट टोक. त्याने त्या जागी फावड्याचा एक घाव घातला आणि माती उलटवली. पाच अळ्या.

“भाऊ, हाई बठ्ठा हुमनीनं काम शे,” तो आपल्या अहिराणीत म्हणाला.

“औषध मागवतो.”

“ते येवावर रोपडं ऱ्हाई का?” त्याने खालच्या तुकड्याकडे हनुवटी केली. “वरलं आते गेलं. खाललं वाचाडू. मना बाप फडवर पाटकरी व्हता. हुमनी लागनी का तो तीन दिन पानी कोंडे.”

“सागात पाणी कोंडायचं? अरे, साहेब मला कोंडतील!”

“मंग तुम्हनाबी निचरा व्हई जाई,” दगाजी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, आणि वाफ्यात तण काढणाऱ्या बायका खुरपी टाकून हसल्या.

त्याच दुपारी त्याने खालच्या तुकड्याचा चर दगडमातीने बुजवला. मी पाहत उभा होतो. हो म्हटले नाही आणि नकोही म्हटले नाही. नोकरीत ही एक तिसरी भाषा असते आणि ती आम्ही सर्व उत्तम बोलतो.

पुढचे दृश्य मी अजून डोळ्यांपुढून हलवू शकत नाही. दुसऱ्या दिवशी खालचा तुकडा पाण्याखाली चमकत होता. वाफ्यांच्या उंच कडा ओल्या काळ्या रेषांसारख्या दिसत होत्या आणि त्या कडांवर हुमणी वर आली होती. दर वाफ्यात थोडीच, परंतु आली होती. श्वासासाठी आली असावी. साळुंक्या आल्या, कावळे आले, कुठून तरी दोन बगळे आले. दगाजी कडेला उकिडवा बसून तो सोहळा पाहत होता, घरच्या लग्नात पंगत पाहावी तसा. तिसऱ्या दिवशी रोपांची पाने पिवळी पडू लागली. माझा धीर सुटला.

“दगाजी, हे मरतंय.”

“नही भाऊ. वरलं हिरवं शे, पन ते मरेल शे. खाललं पिवळं शे, पन जित्तं शे.”

एवढे स्पष्ट वाक्य मी नंतर कोणाच्या तोंडून ऐकले नाही.

आणि नेमका तेव्हाच साहेब तपासणीस येत असल्याचा निरोप आला. येथे मी स्वतःची चूक सांगणार आहे. नानांच्या पुस्तिकेत ती नाही, कारण ती कोणत्याच कागदावर नाही. साहेब येणार म्हटले की सारे स्वच्छ करायचे, ही आमच्याकडची शिस्त. दगडांना चुना, वाटांना झाडू. मी वरच्या तुकड्यातली सगळी मेलेली रोपे काढून टाकायला लावली, ती खालच्या बांधाशी खड्ड्यात नेऊन टाकली आणि रिकामे वाफे दाताळ्याने सारखे करून घेतले. एखाद्या देवळाच्या अंगणासारखा वरचा तुकडा देखणा दिसू लागला. खून झालेल्या घराची जमीन सारवून घ्यावी, तसे ते झाले.

साहेब आले. वर त्यांना नव्या पेरणीसाठी तयार ठेवल्यासारखे स्वच्छ, सपाट वाफे दिसले. खाली साचलेले पाणी, पिवळी रोपे, बुजवलेला चर आणि बांधाशी मेलेल्या रोपांचा ढीग दिसला. माणूस हुशार होता. दोन अधिक दोन चार व्हायला त्याला वेळ लागला नाही. त्यांनी जागेवरच पंचनामा सांगायला सुरुवात केली, नाना उभ्याने हातावर फळी धरून लिहू लागले. रोपे पाणी साचून कुजली. चर चौकीदाराने बुजवला.

“चर कोणी बुजवला?” साहेबांनी तरीही एकदा विचारले.

“मी,” दगाजी म्हणाला. “पन सायेब, ढीगमधलं एक रोपडं हातमा घी पाहा.”

साहेबांनी ते हातात घेतले नाही. त्यांचे कपडे पांढरे होते.

मी तेव्हा बोलायला हवे होते. परंतु हुमणी हा शब्द एकदा कागदावर आला असता, तर भुंगेरे कडुनिंबावर बसले तेव्हा वनरक्षकाने काय केले, हा प्रश्न दुसऱ्याच ओळीत आला असता. भुंगेरे मी पाहिले होते. रोज संध्याकाळी त्याच कडुनिंबाखाली बसून मी चहा पीत होतो. मी सही केली. दगाजीला त्याच दिवशी कामावरून काढून टाकण्यात आले.

जाताना त्याने मला एका शब्दानेही बोल लावला नाही. फावडे खात्याचे होते, ते धुऊन चराशी उभे रोवले आणि म्हणाला, “भाऊ, चर उघाडू नका. आजून दोन दिन.”

मी दोन दिवस उघडला नाही. त्या प्रकरणात माझ्या नावावर जमा असलेला शहाणपणा एवढाच. तिसऱ्या दिवशी चर मोकळा केला, पाणी ओढ्याला गेले. आश्विनात त्या पिवळ्या रोपांनी नवी पाने धरली. कोणी पाहायला आले नाही.

हे सारे मी परवा नानांना सांगितले. पूर्ण. स्वतःच्या सहीसकट. नाना ऐकून घेत होते, आणि संपल्यावर त्यांनी आपल्या पिशवीतून पंचनाम्याची नक्कल काढली. हा माणूस नक्कल जवळ बाळगून चहा प्यायला येतो!

“आबा, ही सही कोणाची?”

“माझी.”

“मग तेव्हा खोटं बोललात, की आता बोलताय?”

“तेव्हा.”

“हे कशावरून?”

“कारण आता मला कोणाची भीती नाही.”

“भीती नाही हा पुरावा होत नाही. फाइल हा पुरावा होतो. तुम्ही म्हणता मेलेली रोपं वरची. काय राहिलंय आज त्यातलं? माती? ती बोलते का?”

मी चिडलो, हे कबूल करतो. कप जरा जोरात ठेवला गेला. नाना मात्र शांतपणे बशीतला चहा संपवत राहिले. मग, वातावरण निवळावे म्हणून की काय, त्यांनी आपली आवडती गोष्ट काढली. ही गोष्ट मी गेली कित्येक वर्षे ऐकतो आहे. त्यांच्या घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याने ती ऐकली आहे, नातवंडांना तर पाठ आहे. रोपवाटिकेच्या फाटकाशी जो उंच, सरळ साग उभा आहे, तो नानांनी लावला. “माझा साग,” असेच ते म्हणतात. त्याच्या बुंध्याला पाठ टेकून काढलेला फोटो त्यांच्या बैठकीत टांगलेला आहे. फलक कुठे उभारायचा असा प्रश्न निघाला तेव्हा, “माझ्या सागाशेजारी,” असा हट्टही त्यांनीच धरला.

“दगाजीला काढलं त्याच्या पुढच्याच आषाढातली गोष्ट,” नाना रंगात येऊन सांगू लागले. “साहेब म्हणाले, लेखनिकांनीसुद्धा एक झाड लावायचं. मी वाफ्यात शिरलो रोप काढायला. नवी कोल्हापुरी चप्पल, सासऱ्यांनी दिलेली. दोन्ही हातांनी रोप ओढतोय, तर ते येईना. मूळ हे एवढं लांब! जोर केला, रोप आलं, आणि पाय वर काढतो तो काय, चप्पल खाली चिखलातच! कोपरापर्यंत हात घातला तरी सापडली नाही. अनवाणी फाटकापर्यंत गेलो आणि झाड लावलं. ती चप्पल अजून तिथंच असेल, आबा.”

ते हसले. मी हसलो नाही. इतकी वर्षे ही गोष्ट ऐकताना मी ती चपलेची गोष्ट म्हणून ऐकत आलो होतो. या खेपेला प्रथमच ती रोपाची गोष्ट म्हणून ऐकली, आणि नानांच्या बशीत आणखी थोडा चहा ओतला. त्यांना काही कळले नाही. ते चप्पल घालून घरी गेले.

आज पुन्हा भाद्रपद आहे. केळीच्या बागांवरून दमट वारा येतो आहे, नळ्यांतून थेंब थेंब पाणी मुळाशी पडते आहे. पाणी तुंबवून काही साधण्याचे दिवस गेले असे लोक म्हणतात. असेल. निचरा वाईट, असे मी कधीच म्हटलेले नाही. परंतु कोणत्या मातीत कधी पाणी काढावे आणि कधी धरावे, हे एका माणसाला ठाऊक होते आणि त्या ठाऊक असण्याबद्दल आम्ही त्याला हाकलले. फलकावर त्याची स्तुती यावी असा माझा आग्रह नाही. दगाजीला स्तुतीची सवय नव्हती; अवघडला असता. एवढेच हवे की वत्सलाची आई त्या फलकासमोर उभी राहून “वाच” म्हणाली, तर वत्सलाला मोठ्याने वाचता यावे.

म्हणून मी त्या पंचनाम्यावरची माझी सही येथे, सर्वांसमक्ष, मागे घेतो. हा लेख छापून आला की पहिली प्रत नानांना देणार आहे, आणि तोवर रंगाऱ्याला डबा उघडू देणार नाही. त्यासाठी फाटकाशी खुर्ची टाकून बसावे लागले तरी बसेन. नाना म्हणतील, पुन्हा सांगणेच झाले, पुरावा कुठे आहे? नाना, पुरावा तुमच्या बैठकीत टांगलेला आहे. फलक ज्याच्या शेजारी उभा राहणार, तो तुमचा साग तुम्ही दगाजीला काढल्यानंतरच्या आषाढात, न कुजलेल्या लांबलचक मुळासकट, चप्पल गिळणाऱ्या चिखलातून उपटून आणलात. आणि वरच्या तुकड्यात चिखल कधी झालाच नाही.